सातवीण फुलायच्या आधी

पितृपक्ष लागला की मथुरा डबा काढते.
निळा पंप, नाकातला फवारा, मिठाच्या पुड्या,
पांढऱ्या गोळ्या. त्या रात्रीच, नाहीतर दिवसभर पेंगते.
चष्मा वर सरकवून तारखा वाचते.
गेल्या वर्षीच्या फवाऱ्याची मुदत संपली,
म्हणजे मला नेरूळ स्टेशनसमोरच्या दुकानात जाणं आलं.
हा डबा खरा चकलीच्या सोऱ्याचा.
सोऱ्या आता माळ्यावर,
आणि माळ्यावर चढायची तिला बंदी आहे.

डॉक्टर नंबियार म्हणाले होते,
शिंका सुरू झाल्यावर औषध शोधू नका,
पाहुणा यायच्या आधी घर आवरता ना, तसं करा.
ती म्हणाली, पाहुणा कसला, भाडेकरू आहे.
दोन महिने राहतो आणि भाडं मी भरते.

मग पडदे उतरतात,
उशांचे अभ्रे गरम पाण्यात पडतात.
तिच्या आईच्या लुगड्यांची गोधडी
प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला गाठ मारून.
झाडू नाही, ओलं फडकं. ते माझं काम.
वाकलो की गुडघा बोलतो. बोलू देतो.
संध्याकाळी सहाला सगळ्या खिडक्या बंद,
कारण सातवीण रात्री दरवळते.

ही झाडं मी लावली.
सोसायटीत मला कुणी विचारलेलं नाही,
पण लावली मीच. या रस्त्यावर एकोणचाळीस.
सहा पुढे बसथांब्यासाठी गेली.
करावे गावचा पोरगा, उद्यान खात्यात नवा.
काकाच्या शेताचा रस्ता झाला होता,
मी काकाच्याच बांधाचा अंदाज घेत
त्या रस्त्याच्या कडेला खड्डे मारले, तीन बाय तीन.
साहेब म्हणाले, सातवीण लाव,
गुरं तोंड लावत नाहीत, भराभर वाढते, सावली देते.
त्यात खोटं काहीच नव्हतं.
फुलल्यावर काय होतं, ते विचारेपर्यंत
साहेबांची बदली झाली.

पहिला बहर मथुरेला हौसेनं दाखवायला नेला.
ती म्हणाली, अत्तराच्या बाटलीत उंदीर मेलाय.
हसलो दोघं, रस्त्यात उभे राहून.
दुसऱ्या वर्षी ती शिंकली.
चौथ्या वर्षी पहाटे तीनला
पलंगाच्या कडेवर, हात गुडघ्यांवर रोवून,
ओहोटीला चिखलात रुतलेली होडी ओढावी
तसा एकेक श्वास ओढत होती.
मी धावत जाऊन खिडकी उघडली.
हवा यावी म्हणून.

ते मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही.
तिला माहीत असणार.

परवा तळमजल्याचे मेहेंदळे अर्ज घेऊन आले,
झाडं तोडा म्हणून. सत्तावीस सह्या झालेल्या.
मी पेन हातात धरून बसलो.
मथुरेनं कागद ओढून घेतला, दोनदा शिंकली,
सही केली नाही. खाली लिहिलं,
मैदानामागे पहाटे कचरा जाळतात, ते आधी थांबवा.
रस्ता झाडण्यापूर्वी पाणी मारा.
फांद्या बहराच्या आधी छाटा, नंतर नाही.
मेहेंदळे म्हणाले, वहिनी, त्रास तर तुम्हालाच जास्त.
ती म्हणाली, म्हणून तर किती आहे ते मला माहीत आहे.

रात्री विचारलं, माझ्यासाठी केलंस?
म्हणाली, तुमच्यासाठी कशाला?
भाजीवाली अनुसया दुपारी बसणार कुठे?
आणि मिठाच्या पाण्याचं तांब्या घेऊन मोरीत गेली.

काल जेवण झाल्यावर मी फेरी मारायला उतरलो.
फुलं आली आहेत. हिरवट पांढरी, झुबक्यांनी.
एका खोडाला हात लावला. खरखरीत झालंय,
माझ्या कमरेइतकं रुंद.
परत आलो तर ती दारातच उभी, बादली घेऊन.
शर्ट इथेच काढा. केस धुवा.
झाडांखालून आलात?
नाही, म्हटलं.

तिनं शर्ट दोन बोटांनी उचलून बादलीत टाकला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि शिंकली.